स्वॅप बंद करण्याआधी मेमरीची बेरीज मांडा

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा लिहितो. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये तुमची मालवाहतूक कंपनी आहे. लिनक्सचा एकच सर्व्हर, रॅम ३२ जीबी, स्वॅप (रॅम अपुरी पडली की तिच्यातला मजकूर डिस्कवर ठेवायची जागा) ८ जीबी, आणि डेटाबेस व स्वॅप दोन्ही एकाच फिरत्या हार्ड डिस्कवर. त्या सर्व्हरवर पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि बिलिंगचं जावा ॲप्लिकेशन शेजारी शेजारी चालतं. महिनाभर तक्रार नाही. पण २८ तारखेपासून बिलांचे रिपोर्ट सुरू झाले की मशीन गुदमरतं. लॉगिनला पाच मिनिटं लागतात, लोड ॲव्हरेज (रांगेत असलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) ९० च्या घरात जातो आणि तरीही सीपीयू बराचसा रिकामा दिसतो. स्वॅपमध्ये ६ जीबी जाऊन बसलेले. ॲप्लिकेशन पुरवणारा सांगतो की स्वॅपमुळेच सगळं संथ होतंय, तो बंद करा. तुम्ही विचारता, बंद करू का?

आत्ता नका करू. मी हे केलेलं आहे आणि त्याचे परिणाम पाहिलेले आहेत, म्हणून एवढं ठामपणे सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी रात्रपाळीला होतो. मशीन असंच घुसमटत होतं आणि मलाही वाटलं की दोष स्वॅपचा. स्वॅपऑफ दिला. पहिला धडा तिथेच मिळाला: ती कमांड पाऊण तास परत आलीच नाही. स्वॅप बंद करायचा म्हणजे त्यातलं एकेक पान डिस्कवरून वाचून रॅममध्ये आणायचं, आणि रॅममध्ये तर आधीच जागा नव्हती. शेवटी एकदाचा तो बंद झाला, स्वॅपचे आकडे शून्य झाले, आणि मशीन पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत गेलं. आधी लॉगिन पाच मिनिटांनी तरी व्हायचं, आता तेही होईना. डिस्कचा दिवा मात्र अखंड पेटलेला. स्वॅपच नाही, तर डिस्क एवढी कशासाठी चालली आहे, हे मला त्या रात्री कळलं नाही. ते कळायला मेमरीचं काम मुळापासून समजून घ्यावं लागलं. तुम्हालाही तेच सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला मेमरी देत नाही, वचन देतं. प्रत्यक्ष रॅम तेव्हाच खर्ची पडते जेव्हा प्रोग्रॅम त्या पत्त्यावर पहिल्यांदा काही लिहितो. हा सगळा व्यवहार ४ केबीच्या पानांत चालतो. तुमच्या ३२ जीबीत अशी ८३,८८,६०८ पानं बसतात. प्रत्येक प्रोसेसकडे स्वतःचा एक तक्ता असतो, माझ्या पत्त्यावरचं पान खऱ्या रॅममध्ये कुठे आहे हे सांगणारा. तक्त्यात नोंद नसेल तर पेज फॉल्ट होतो आणि कर्नल धावत येतं. पान रॅममध्येच कुठेतरी असलं तर काम झटपट होतं, हा मायनर फॉल्ट. डिस्कवरून आणावं लागलं तर मेजर फॉल्ट. या दोन शब्दांमधलं अंतर नीट लक्षात घ्या. रॅमला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एनव्हीएमई एसएसडीला १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, आणि फिरत्या डिस्कला ८ ते १० मिलिसेकंद. रॅममधून वाचायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर एसएसडीवरून वाचायला सतरा मिनिटं लागतील आणि तुमच्या डिस्कवरून वाचायला साधारण एक अख्खा दिवस. म्हणजे ‘थोडंसं स्वॅप होतंय’ हे वाक्य एसएसडीवर आणि फिरत्या डिस्कवर एकाच अर्थाचं नाही.

आता कळीचा मुद्दा. रॅममधली पानं दोन जातींची असतात आणि कर्नल त्यांना अगदी वेगळं वागवतं.

माझे मामा वाशीच्या दाणाबाजारात मुनीम होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्या गाळ्यावर जाऊन बसायचो. त्यांच्या पुढ्यातल्या लाकडी मेजावर दोन तऱ्हेचे कागद असायचे. एक, बाजारभावाचे छापील कागद. मेजावर दाटी झाली की ते खुशाल टाकून द्यायचे, कारण लागला तर पोऱ्याला पाठवून दुसरा आणता यायचा. दुसरे, हाताने लिहिलेल्या कच्च्या चिठ्ठ्या: कुणाच्या किती गोणी उतरल्या, कुणाचं किती येणं. त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. त्या टाकता येत नाहीत. मेजावर तरी ठेवायच्या, नाहीतर खालच्या खणात सरकवायच्या.

पेज कॅशमधली पानं म्हणजे ते छापील कागद. फाइलींचा मजकूर, आणि प्रोग्रॅमचा स्वतःचा कोडसुद्धा. मूळ प्रत डिस्कवर आहेच, त्यामुळे पानात बदल झालेला नसेल तर ते नुसतं विसरून जायचं. अनॉनिमस पानं, म्हणजे ज्यांच्यामागे फाइल नाही अशी पानं, म्हणजे कच्च्या चिठ्ठ्या: जावाचा हीप (ॲप्लिकेशनच्या वस्तू ठेवायची मेमरी), पोस्टग्रेसची सॉर्टिंगची जागा, स्टॅक. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्सही (सगळ्या कनेक्शननी मिळून वापरायची कॅश) कर्नलच्या हिशेबात याच बाजूला येतात. आणि स्वॅप म्हणजे तो खण.

खणाला कुलूप लावलं तर काय होईल? मेजावरची गर्दी कमी होणार नाही. सहा महिन्यांत हात न लागलेली चिठ्ठीसुद्धा मेजावरच पडून राहील, आणि जागा करायला मुनीम एकच गोष्ट करू शकेल: भावाचा कागद टाकायचा, दोन मिनिटांनी तोच लागला की पोऱ्याला पळवायचं, परत टाकायचा, परत पळवायचं. महाप्याच्या त्या मशीनवर नेमकं हेच चाललं होतं. स्वॅप नसल्यामुळे कर्नल शेलचा कोड, दुरून लॉगिन घेणाऱ्या एसएसएचचा कोड, खुद्द पोस्टग्रेसचा कोड रॅममधून टाकत होतं आणि पुढच्याच क्षणी डिस्कवरून परत वाचत होतं. म्हणून डिस्कचा दिवा अखंड होता. आणि मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारा कर्नलचा ओओएम किलरही पुढे आला नाही, कारण कर्नलच्या दृष्टीने ‘पानं मोकळी होत आहेत’, म्हणजे काम पुढे सरकतंय. मशीन ना जगत होतं, ना मरत होतं.

स्वॅप बंद केल्याने गरज घटत नाही. कुणाला बाहेर काढायचं याचे कर्नलपुढचे पर्याय तेवढे घटतात.

मग लोड ९० असताना सीपीयू रिकामा का? लिनक्सच्या लोड ॲव्हरेजमध्ये नुसत्या सीपीयूसाठी ताटकळणाऱ्या प्रोसेस मोजल्या जात नाहीत. डिस्कची वाट बघत अडकलेल्या, जिला आपण डी स्टेट म्हणतो, त्याही मोजल्या जातात. तुमचे ९० म्हणजे बहुतेक सगळे पानाची वाट बघत उभे आहेत.

लॉगिनला पाच मिनिटं लागण्याचं कारण आणखी खोल आहे. कर्नल मोकळ्या मेमरीसाठी तीन खुणा ठेवतं: मिन, लो आणि हाय. मोकळी पानं लो च्या खाली गेली की केस्वॅपडी नावाचा कर्नल थ्रेड जागा होतो आणि हाय पर्यंत जागा होईस्तोवर पार्श्वभूमीला साफसफाई करतो. तोवर कुणाला काही जाणवत नाही. पण मागणी त्याच्या वेगापुढे गेली आणि मिन ओलांडली गेली, की डायरेक्ट रिक्लेम सुरू होतं. म्हणजे ज्या प्रोसेसला एक पान हवंय तिनेच थांबून आधी दुसऱ्याची पानं हुसकावायची, मग आपलं घ्यायचं. तुमचं बिचारं लॉगिन शेल, ज्याला जेमतेम काही एमबी लागतात, तेही या रांगेत उभं राहतं आणि झाडू हातात घेऊन सफाई करतं. त्यात त्याचा स्वतःचा कोड आधीच रॅमबाहेर गेलेला.

या खुणांमधलं अंतर फार तोकडं असतं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वॉटरमार्क स्केल फॅक्टर या सेटिंगची मूळ किंमत १० आहे, म्हणजे मेमरीच्या ०.१ टक्का. तुमच्या ३२ जीबीवर ते साधारण ३३ एमबी होतात. पोस्टग्रेसचं एक मोठं सॉर्ट सुरू झालं की ते ३३ एमबी क्षणात गिळलं जातं आणि केस्वॅपडी उठून बसेपर्यंत सगळे डायरेक्ट रिक्लेममध्ये. अशा अचानक उसळणाऱ्या लोडच्या मशीनवर मी ही किंमत १०० करतो. ३३० एमबीच्या आसपास रॅम त्यात अडकते, पण सफाई वेळेवर सुरू होते. फार कमी लोक या सेटिंगला हात लावतात आणि सगळे स्वॅपिनेस या दुसऱ्या सेटिंगच्या मागे लागतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्वॅपिनेसबद्दल एक गैरसमज इतका पसरलाय की तो इथे खोडायलाच हवा. ६० म्हणजे ‘रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू’ असं नाही. ४० टक्के उरली की, असंही नाही. जागा करायची वेळ आलीच, तर चिठ्ठ्या खणात सरकवणं आणि भावाचे कागद टाकणं यांची एकमेकांशी तुलनात्मक किंमत काय धरायची, एवढंच तो आकडा सांगतो. १०० म्हणजे दोन्ही सारखेच महाग. २०२० च्या ५.८ कर्नलपासून हा आकडा २०० पर्यंत नेता येतो, तो अशा मशीनसाठी जिथे स्वॅप फाइलींच्या डिस्कपेक्षा वेगवान असतो, उदाहरणार्थ झेडरॅम, म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप. तुमचा स्वॅप फिरत्या डिस्कवर आहे तोवर १० ते २० ठेवा. एसएसडीवर गेलात की ६० राहू द्या. १ किंवा ० करणाऱ्यांशी माझं जमत नाही, कारण तेही खणाला कुलूप लावण्याचाच प्रकार आहे.

कोणतं पान बाहेर काढायचं हे कर्नल कसं ठरवतं, हा विषय मला स्वतःला फार आवडतो, पण तुमच्या कामापुरतं थोडक्यात. सीपीयू एखाद्या पानाला हात लावतो तेव्हा तक्त्यात एक बिट चालू करून ठेवतो. कर्नल अधूनमधून फेरी मारून ते बिट बघतं आणि पानांना सक्रिय व निष्क्रिय अशा दोन याद्यांमध्ये फिरवतं. २०१४ च्या ३.१५ पासून ते आणखी एक गोष्ट बघतं: टाकलेलं पान किती लवकर परत मागितलं गेलं. लवकर मागितलं, म्हणजे ते टाकण्यात चूक झाली. डिसेंबर २०२२ च्या ६.१ मध्ये दोन याद्यांऐवजी अनेक पिढ्या ठेवणारी नवी पद्धत आली. भरपूर दाब असलेल्या मशीनवर ती नक्कीच बरी चालते. पण कितीही हुशार निवड केली, तरी एक मर्यादा कुणालाच ओलांडता येत नाही.

ती मर्यादा संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ साली मांडली. त्याआधी, १९६२ मध्ये, मँचेस्टरच्या ॲटलस संगणकावर कोर मेमरी आणि चुंबकीय ड्रम (त्या काळची डिस्क म्हणा) मिळून एकच सलग मेमरी असल्याचा आभास पहिल्यांदा निर्माण केला गेला होता. पानांची अदलाबदल आपोआप होत होती. त्या कल्पनेने सगळे भारावले, आणि मग ठिकठिकाणी यंत्रं ठप्प होऊ लागली. डेनिंग यांनी दाखवलं की प्रत्येक प्रोग्रॅमला कोणत्याही छोट्या कालावधीत खरोखर लागणाऱ्या पानांचा एक संच असतो, वर्किंग सेट. सगळ्यांच्या वर्किंग सेटची बेरीज रॅममध्ये मावते तोवर सगळं झकास. मावेनाशी झाली की कामगिरी हळूहळू उतरत नाही, कड्यावरून पडावी तशी कोसळते. याला थ्रॅशिंग म्हणतात. आणि त्यातला सगळ्यात वाईट भाग असा की सीपीयू रिकामा दिसतो म्हणून त्या काळच्या सिस्टीम आणखी कामं आत घ्यायच्या, आणि दाब वाढायचा. तुमच्याकडे हेच होतंय. रिपोर्ट येत नाही म्हणून माणसं पुन्हा बटण दाबतात, ॲप्लिकेशन टाइमआउट होऊन नवं कनेक्शन उघडतं, आणि जुनी क्वेरी मागे चालूच राहते.

म्हणून आता तुमची बेरीज मांडू. सेटिंग्ज तुम्ही दिल्या आहेत म्हणून बरं झालं.

शेअर्ड बफर्स ८ जीबी. जावाचा हीप १६ जीबी, पण जावा प्रोसेस म्हणजे नुसता हीप नव्हे. मेटास्पेस, थ्रेडचे स्टॅक, बाहेरचे बफर धरले तर १८ म्हणा. वर्क मेम, म्हणजे पोस्टग्रेसची सॉर्टिंगची जागा ठरवणारी सेटिंग, २५६ एमबी. हा आकडा संपूर्ण पोस्टग्रेसचा नाही, एका कनेक्शनचाही नाही. तो एका क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट किंवा हॅश पायरीचा आहे. एका वेळी चाळीस रिपोर्ट चालतात असं तुम्ही लिहिलंत. प्रत्येकात एकच सॉर्ट धरलं तरी ४० गुणिले २५६ म्हणजे १० जीबी. पोस्टग्रेस १५ पासून हॅशला तर वर्क मेमच्या दुप्पट घ्यायची मुभा असते. मूळ किंमत ४ एमबी आहे ती उगाच नाही.

आणखी एक खर्च आहे जो कुणीच धरत नाही: पानांचे तक्ते. ८ जीबी शेअर्ड बफर्स म्हणजे ४ केबीची २०,९७,१५२ पानं. प्रत्येक नोंद ८ बाइटची, म्हणजे १६ एमबी. मेमरी सामायिक असली तरी तक्ता प्रत्येक प्रोसेसचा वेगळा. तुमच्या पूलमध्ये १२० कनेक्शन दिवसरात्र उघडी आहेत आणि प्रत्येक हळूहळू सगळे बफर्स पालथे घालतं. १२० गुणिले १६ म्हणजे जवळजवळ १.९ जीबी, नुसत्या तक्त्यांसाठी. मेमइन्फो फाइलमध्ये पेजटेबल्स नावाची ओळ बघा, तिथे हा आकडा दिसेल.

८ अधिक १८ अधिक १० अधिक १.९. जवळपास ३८ जीबी, आणि मशीन ३२ चं. शिवाय पेज कॅशला आणि कर्नललाही काही लागतंच. तुमच्या स्वॅपमधले ६ जीबी कुठून आले ते आता वेगळं सांगायला नको. स्वॅपने हा ताण निर्माण केलेला नाही, तो फक्त दिसतोय तिथे.

कर्नलने एवढी वचनं दिलीच कशी, असं वाटेल. लिनक्स मुळातच जास्तीची वचनं देतं, कारण बहुतेक प्रोग्रॅम मागतात तेवढं वापरत नाहीत. विंडोज तसं करत नाही. रॅम आणि पेजफाइल यांच्या बेरजेपुढे ते वचनच देत नाही. म्हणून तिथे पेजफाइल काढून टाकली की रॅम मोकळी दिसत असतानाही प्रोग्रॅमना मेमरी नाकारली जाते. लिनक्सवर ओव्हरकमिट मेमरी ही सेटिंग २ करून तसंच वागवता येतं. फक्त पोस्टग्रेस असलेल्या मशीनवर मी ते करतो. जावासोबत असताना नाही.

जावाबद्दल एक खास इशारा. हीपचा काही भाग स्वॅपमध्ये गेला तर तो शांतपणे तिथे झोपून राहील असं समजू नका. नको झालेल्या वस्तूंची जागा मोकळी करणारा जावाचा गार्बेज कलेक्टर जिवंत वस्तू शोधत हीपभर फिरतो, आणि झोपलेलं प्रत्येक पान ओढून वर आणतो. तुमच्या डिस्कवर ते सेकंदाला शंभरेक वाचनांच्या गतीने. एका वाचनात कर्नल आठ पानं एकदम उचलतं, तरी सेकंदाला तीनेक एमबीच होतात. एक जीबी परत आणायला पाच मिनिटं, आणि त्या वेळात ॲप्लिकेशन गोठलेलं. जावाचा हीप स्वॅपमध्ये जाऊच नये अशी बेरीज जमवायची, याला पर्याय नाही.

आता मोजमाप. फ्री कमांडमधला ‘फ्री’ आकडा सोडून द्या. चांगल्या चालणाऱ्या मशीनवर तो लहानच असतो, कारण रिकामी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम. ‘अव्हेलेबल’ बघा. स्वॅपमध्ये किती वापर झालाय या आकड्यानेही घाबरू नका. एकदा खणात गेलेली चिठ्ठी कुणी मागेपर्यंत तिथेच राहते, लोड उतरल्यावरही. ५ तारखेला ६ जीबी दिसत असतील आणि ये-जा शून्य असेल तर काहीही बिघडलेलं नाही. ये-जा बघायला व्हीएमस्टॅट ही कमांड एक सेकंदाच्या अंतराने लावा. पहिली ओळ वाचू नका, ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते. एसआय म्हणजे आत आलेलं, एसओ म्हणजे बाहेर गेलेलं. नुसता एसओ अधूनमधून हलला तर चालेल. दोन्ही आकडे मिनिटभर एकत्र चढे राहिले तर ते थ्रॅशिंग. एसआय आणि एसओ शून्य, पण बीआय (डिस्कवरून होणारं एकूण वाचन) भरमसाट आणि मेजर फॉल्टही चढे, म्हणजे प्रोग्रॅमचा कोड आत-बाहेर होतोय. माझी महाप्याची रात्र.

कर्नल ४.२० किंवा पुढचं असेल तर याहून चांगलं साधन तुमच्या हातात आहे. प्रॉक खाली प्रेशर नावाच्या फोल्डरात मेमरी ही फाइल असते. काही वितरणांमध्ये ती बूट पॅरामीटर देऊन चालू करावी लागते. तिच्यात दोन ओळी असतात, सम आणि फुल. सम म्हणजे निदान एक काम मेमरीसाठी अडकून होतं असा वेळ किती टक्के, फुल म्हणजे कुणाचंच काम पुढे सरकत नव्हतं असा वेळ. शेवटच्या १०, ६० आणि ३०० सेकंदांची सरासरी मिळते. फुल चा ६० सेकंदांचा आकडा १० वर टिकून राहिला तर माणसं फोन करू लागतात, हा माझा अनुभव.

स्वॅपमध्ये नक्की कोण बसलंय हे प्रत्येक प्रोसेसच्या स्टेटस फाइलमधल्या व्हीएमस्वॅप ओळीत मिळतं. टॉप कमांडमधला आरईएस (प्रोसेसने व्यापलेली रॅम) मात्र पोस्टग्रेससाठी फसवा आहे. तेच ८ जीबी तो प्रत्येक कनेक्शनच्या नावावर पुन्हा पुन्हा दाखवतो. खरा वाटा बघायला पीएसएस बघा, त्यात सामायिक मेमरी सगळ्यांमध्ये वाटून धरलेली असते.

दुरुस्तीत सगळ्यात आधी वर्क मेम सर्वांसाठी १६ एमबी करा, आणि रिपोर्टसाठी पोस्टग्रेसमध्ये वेगळा रोल काढून फक्त त्यालाच २५६ द्या. मग ॲप्लिकेशनमध्ये रिपोर्टची रांग लावा, एका वेळी सहा. चाळीस एकत्र सोडले तर शेवटचा रिपोर्ट तीन तासांनी येतो. सहा-सहा सोडले तर चाळीसही कितीतरी आधी संपतात, कारण प्रत्येकाचा वर्किंग सेट रॅममध्ये मावतो. पुरवठादाराला हे पटवणं अवघड जाईल, पण भांडा. डेनिंग यांचा उपायही मुळात हाच होता: ज्याचा संच मावणार नाही त्याला आत घेऊ नका. सोबत क्वेरीला टाइमआउट लावा, म्हणजे सोडून दिलेल्या क्वेरी मागे राबत राहणार नाहीत.

जावाच्या गार्बेज कलेक्शनचे लॉग काढा आणि पूर्ण सफाईनंतर हीपमध्ये खरोखर किती उरतं ते बघा. अशा बिलिंग ॲप्लिकेशनमध्ये १६ पैकी सहाच खरे लागत असतात असं मी बरेचदा पाहिलंय. तसं असेल तर १० वर आणा. शेअर्ड बफर्स २ एमबीच्या ह्यूज पेजेसवर टाका. प्रत्येक कनेक्शनचा १६ एमबीचा तक्ता ३२ केबीवर येतो, आणि ती पानं स्वॅपमध्ये जाऊ शकत नाहीत. कनेक्शन पूलही १२० वरून ४० करा, तुमच्या आकाराच्या कामाला तेवढी पुरतात.

एवढं केल्यावर बेरीज अशी येते: ८ शेअर्ड बफर्स, १२ जावा, सहा रिपोर्टना प्रत्येकी दोन सॉर्ट धरून ३, तक्ते नगण्य, किरकोळ कनेक्शनना एक. २४ जीबी. उरलेले आठ कर्नलला आणि पेज कॅशला. हेच मशीन, एक रुपयाही खर्च न करता.

स्वॅप ठेवाच, पण त्या डिस्कवरून हलवा. डेटाबेस आणि स्वॅप एकाच फिरत्या डिस्कवर म्हणजे एकच माणूस दोन टोकांना पळतोय. एक छोटी एसएसडी पुरे. ती मिळेपर्यंत झेडस्वॅप चालू करता येईल. तो बाहेर जाणारी पानं आधी दाबून रॅममध्येच ठेवतो, आणि अगदीच मावेनात तेव्हा डिस्कवर लिहितो. २०१३ च्या ३.११ पासून तो कर्नलमध्ये आहे. मॅकनेही त्याच वर्षी आणि विंडोजने १० पासून हीच कल्पना उचलली.

ओओएम किलरचीही तजवीज करा. पोस्टग्रेसचं एक जरी कनेक्शन त्याने मारलं, तरी मुख्य प्रोसेस बाकी सगळी कनेक्शन तोडून रिकव्हरीत जाते. म्हणून मुख्य प्रोसेसचा ओओएम स्कोअर ॲडजस्ट उणे ९०० वगैरे ठेवा. आणि स्वतःला आत शिरायची वाट राखा: सिस्टमडीमध्ये (लिनक्सच्या सर्व्हिसेस चालवणारी यंत्रणा) एसएसएचच्या सर्व्हिसला आणि यूजर स्लाइसला, म्हणजे लॉगिन केलेल्यांच्या गटाला, मेमरीमिन (राखीव मेमरी) २५६ एमबी द्या. एसएसएच सिस्टम स्लाइसखाली असतं, त्यामुळे वरच्या त्या स्लाइसलाही तेवढं द्यावं लागतं, नाहीतर खालचं राखीव कागदावरच राहतं. यात मी दोन दिवस घालवले आहेत.

आणि कुणी तासातासाला पेज कॅश रिकामी करणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावला असेल तर आजच काढा. भावाचे सगळे कागद दर तासाला फेकून देण्यासारखं आहे ते.

पुरवठादाराचा सल्ला कुठून आला असेल तेही सांगतो. अनेक मशीनवर कंटेनर, म्हणजे वेगळे बांधलेले प्रोग्रॅम, चालवणाऱ्या कुबरनेटीसचा एजंट कित्येक वर्षं स्वॅप चालू असेल तर सुरूच व्हायचा नाही, स्वॅपला प्रायोगिक पाठिंबा आला तो २०२१ मध्ये. तिथे ते बरोबर होतं. प्रत्येक कंटेनरला मर्यादा आखून दिलेली, एक मेला तर दुसऱ्या मशीनवर दुसरा उभा राहतो, आणि संथ चालण्यापेक्षा मरून जाणं परवडतं. ऐरोली-रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये शेकडो मशीनचा ताफा चालवणाऱ्याला ते परवडतं. तुमचा एकच सर्व्हर आहे, आणि त्याच्यात सगळ्या ट्रकवाल्यांची बिलं आहेत.

२७ तारखेच्या रात्रीपासून व्हीएमस्टॅट आणि प्रेशरची फाइल दर दहा सेकंदांनी वेळेसकट एका लॉगमध्ये लिहायला लावा. वर्क मेम आणि रांग हे दोन बदल त्याआधी करून ठेवा, बाकीचे पुढच्या महिन्यात, म्हणजे कशाने किती फरक पडला ते वेगळं दिसेल. तरीही एसआय आणि एसओ दोन्ही चढेच राहिले, तर वर्किंग सेट खरोखर मोठा आहे, आणि तो लॉगच साहेबांपुढे ठेवून रॅम मागा.